डोळ्यांचे थेंब कानशिलाला

सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी साडेसातला डोळ्यांत थेंब घालायचे, हा माझा गेल्या नऊ वर्षांचा नेम आहे. देवपूजा एखादे दिवशी राहते, थेंब राहत नाहीत. काचबिंदू आहे मला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, गेलेली नजर परत आणता येत नाही, आहे ती राखायची." शाळेत आयुष्यभर वेळापत्रकावर जगलेल्या माणसाला हे जमतं. पण आज सांगायचंय ते माझ्या डोळ्यांबद्दल नाही. त्याच थेंबांबद्दल आहे, पण नातीच्या.

नात फेब्रुवारी 2023 मध्ये झाली. सूनबाईचं दुसरं बाळंतपण, म्हणून इथेच परभणीत केलं. दिवस भरायच्या तीन-साडेतीन आठवडे आधीच झाली, वजन जेमतेम सव्वादोन किलो. जन्मली तेव्हा अंगावर कुठे काही नव्हतं. बाराव्या दिवशी बारशाला टोपडं काढलं, तर डाव्या कानशिलावर केसांच्या कडेला तांबडा ठिपका दिसला. डास चावल्यावर येतो तेवढाच. मी म्हटलं, टोपडं घासलं असेल.

बारशाला माझ्या मोठ्या नणंदबाई गंगाखेडहून आल्या होत्या. ऐंशीच्या घरात आहेत, नजर अजून माझ्यापेक्षा तीक्ष्ण. त्यांनी लेकरू मांडीवर घेतलं, टोपडं मागे सारून बघितलं आणि सगळ्या बायकांत बोलल्या, "गिराण भोवलं माय. म्या म्हनलं होतं का नाही? हिनं त्या दिवशी सुरी धरली."

ते असं झालं होतं. 2022 च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन झालं 24 ऑक्टोबरला आणि पाडवा-भाऊबीज आली 26 ला. मधला 25 तारखेचा दिवस मोकळा होता, आणि त्या संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. पाच वाजायच्या थोडं आधी लागलं आणि सूर्य ग्रासलेलाच मावळला. सूनबाईला पाचवा महिना संपत आलेला. मोठा नातू सफरचंद मागत होता, तिने कापून दिलं. नणंदबाई तेव्हा दिवाळीला आमच्याकडेच होत्या. त्यांनी बघितलं. मीही बघितलं.

आता माझं सांगते. पस्तीस वर्षं शिकवलं मी, त्यातली निम्मी वर्षं विज्ञान आणि भूगोल. फेब्रुवारी 1980 मध्ये मोठं सूर्यग्रहण झालं तेव्हा मी पाथरीकडच्या एका खेड्यात शाळेवर होते. सगळं गाव दारं लावून घरात बसलं होतं. मी सात-आठ पोरं गोळा केली, पुठ्ठ्याला दाभणाने भोक पाडलं आणि समोरच्या भिंतीवर सूर्याची कोर पाडून दाखवली. कंदील, चेंडू आणि लिंबू घेऊन ग्रहणाचा पाठ तर किती वेळा घेतला असेल, मोजदाद नाही. पण त्या संध्याकाळी माझ्याच स्वयंपाकघरात मी सूनबाईला म्हटलं, "राहू दे गं, आजच्या दिवस विळी-सुरी नको." तिने हसून सफरचंद कापलं. ती कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. झालेली आहे. मी पुढे काही बोलले नाही. आणि बारशाच्या दिवशी नणंदबाई तसं बोलल्या तेव्हाही बोलले नाही. खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मान खाली घालून ओटीचे तांदूळ निवडत राहिले. निवडलेलेच होते ते.

ठिपका वाढायला लागला. तिसऱ्या आठवड्यात डाळीएवढा, पाचव्यात शेंगदाण्याएवढा, कडेला पसरत चाललेला, रंग पिकलेल्या टोमॅटोसारखा. लेकरू रडलं की आणखी लालभडक व्हायचा. न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, चोळून जातंय. रोज डाळीच्या पिठाचा गोळा त्यावरून फिरवायच्या. एक दिवस वरची कातडी खरचटून टोपड्याला रक्त लागलं तेव्हा सूनबाईने ते बंद करवलं. शेजारून सल्ला आला, चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावा, चामखीळ जाते तसं जाईल. हा सल्ला देणारीचं शिक्षण विचारू नका, शिकलेलीच आहे. नशीब, ते आम्ही केलं नाही. लहान मुलाच्या अंगावर अशा जागी जखम झाली तर ती चिघळते, दुखते आणि कायमचा व्रण ठेवून जाते, हे नंतर कळलं.

गावातल्या एका डॉक्टरांना दाखवलं. ते लांबूनच म्हणाले, "जन्मखूण आहे. शाळेत जाईपर्यंत आपोआप जाईल." मला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं, की पुढचा महिनाभर मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत सुटले. ग्रहण नाही, काही नाही, जन्मखूण आहे, जाईल. नणंदबाईंना फोन करूनही सांगितलं. ग्रहणाला उत्तर मिळालं याचाच मला एवढा आनंद झाला, की पोरीच्या कानशिलाकडे नीट बघायचं मी सोडून दिलं.

सूनबाईने सोडलं नव्हतं. ती दर रविवारी त्या जागेशेजारी मोजपट्टी धरून मोबाइलवर फोटो काढत होती. मला माहीतही नव्हतं. एप्रिलमध्ये सात-आठ फोटो तिने माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "आई, हे जाणारं लक्षण आहे का?" शाळेत असते तर त्या वहीवर मी शेरा लिहिला असता, उत्तम निरीक्षण.

मग आम्ही संभाजीनगर गाठलं. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं आमच्या गावाला लोक चिडवतात, पण अवघड दुखणं निघालं की परभणीकराला गाडीच पकडावी लागते, हे काही चिडवायचं नाही. पावणेदोनशे किलोमीटर, एप्रिलचं ऊन आणि मांडीवर दहा आठवड्यांचं लेकरू. मुलाला मार्चअखेरची कामं निस्तरायची होती म्हणून आम्ही दोघीच. सेलू गेल्यावर डबा जरा रिकामा झाला. लेकरू पाजून झालं, आणि खिडकीबाहेर बघत सूनबाई म्हणाली, "बारशाच्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत आई. मला वाटलं, तुम्हालाही तसंच वाटतंय."

मी म्हटलं, "नाही गं, तसं नाही."

"मग काय?"

परतूर गेलं, जालना आलं. 'मग काय' ह्याचं उत्तर मला देता आलं नाही. नणंदबाई मोठ्या आहेत, त्यांना उलट बोलायची मला चाळीस वर्षांत सवय नाही, हे काही उत्तर नव्हे. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मनात कुठेतरी बारीकसं वाटून गेलंच होतं, की सुरी धरली नसती तर... हे तिला सांगण्याचं धैर्य झालं नाही. आज लिहिते आहे, ती वाचेलच.

त्वचारोगाच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी बोटाने तो भाग हलकेच दाबून बघितला, वजन केलं, छातीला नळी लावून ठोके ऐकले, बाळाला सर्दी-खोकला, घरघर आहे का ते विचारलं. मग फोटोंची ओळ बघून सूनबाईला म्हणाल्या, "हे फोटो काढलेत ते फार चांगलं केलंत." आणि समजावून सांगितलं.

ह्याला हेमॅन्जिओमा म्हणतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींची ही वाढ असते, कर्करोग नव्हे. जन्मतः बहुधा दिसत नाही किंवा पुसटसं दिसतं, पहिल्या काही आठवड्यांत वर येतं. मुलींमध्ये जास्त, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांत आणखी जास्त. सगळ्यांत जोराची वाढ पाचव्या ते आठव्या आठवड्यात होते, पाचव्या महिन्यापर्यंत बहुतेक वाढ संपते, आणि मग ते हळूहळू वर्षानुवर्षं ओसरत जातं. म्हणजे 'आपोआप जातं' हे खोटं नव्हतं. पण जाताना सैल कातडी, बारीक शिरा, व्रण असं काहीबाही मागे ठेवू शकतं. आणि जागा वाईट असेल, म्हणजे पापणीवर, नाकाच्या शेंड्यावर, ओठावर किंवा श्वासनलिकेत, तर थांबून चालतच नाही. पापणीवरच्या गाठीने डोळा झाकला गेला तर त्या डोळ्याची नजर कायमची मंद राहू शकते. अशी जोखमीची जागा असेल तर बाळ महिन्याचं होईपर्यंत तज्ज्ञाला दाखवावं, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये सांगितलेलं आहे.

"ग्रहणाने होतं का?" मीच विचारलं. सूनबाईने माझ्याकडे बघितलं. डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही आजी. आईने काही केल्याने किंवा न केल्याने हे होत नाही. शंभरातल्या चार-पाच बाळांना होतं. ग्रहणं एवढी कुठे होतात?" हा हिशेब मी चौथीच्या मुलांकडून सहज करून घेतला असता.

मग त्यांनी औषध लिहिलं: टिमोलॉल, अर्धा टक्का. मला नाव ओळखीचं वाटलं. पर्समधून माझी बाटली काढली, प्रवासात थेंबांची वेळ व्हायची म्हणून बरोबर होतीच, आणि म्हटलं, "हेच ना? हे तर माझ्याकडे आहे." त्यांनी बाटली हातात घेतली, बारीक अक्षरं वाचली आणि ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून दिली. "आजी, ह्यात टिमोलॉलबरोबर ब्रिमोनिडिनही आहे. मोठ्यांच्या डोळ्यांना चालतं. तान्ह्या बाळाला त्याने गुंगी येते, श्वास थांबू शकतो. ही बाटली बाळाच्या आसपास ठेवू नका." नुसतं टिमोलॉलसुद्धा निष्काळजीपणे वापरायचं औषध नाही. ते कातडीतून रक्तात उतरतं. एक थेंब सकाळी, एक संध्याकाळी, त्याच जागेवर, अलगद पसरून वाळू द्यायचं, तोंडात-डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, खरचटलेलं असेल तर लावायचं नाही. बाळ दूध ओढेनासं झालं, हातपाय गार पडले, सुस्तावलं किंवा घरघर सुरू झाली तर थांबवायचं आणि तडक डॉक्टर.

डोळ्यांचं औषध कातडीला कसं पोचलं, ती गोष्ट मला फार आवडली, म्हणून जरा सांगते. फ्रान्समध्ये बोर्दो नावाचं गाव आहे. तिथे एका बाळाच्या नाकावर मोठी अशीच गाठ होती. त्याकाळच्या रीतीप्रमाणे स्टेरॉइड दिलं, त्यातून हृदयाचं दुखणं उद्भवलं, म्हणून हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. तर दुसऱ्याच दिवशी लालभडक गाठ जांभळट आणि मऊ झाली! डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ ह्यांनी ते हेरलं, आणखी मुलांना दिलं, आणि जून 2008 मध्ये अकरा मुलांचा अनुभव 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापला. प्रोप्रॅनोलॉल हे जेम्स ब्लॅक ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने छातीच्या दुखण्यासाठी शोधलेलं औषध. 1988 चं नोबेल त्यांना मिळालं, पण आपलं औषध तान्ह्या बाळांच्या कामी येईल हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार. पोटात देण्याचं हे औषध आज मोठ्या आणि जोखमीच्या गाठींसाठी पहिलं मानलं जातं. त्याच्याच कुळातलं टिमोलॉल 1978 पासून काचबिंदूला वापरात होतंच. पोटात देण्याऐवजी वरून लावून बघू, असं डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मनात आलं आणि 2010 मध्ये पापणीवरच्या गाठीवर ते लावल्याचा पहिला अनुभव छापून आला. लहान, पातळ, वरवरच्या गाठींना ते चालतं. जाड आणि खोल गाठीला थेंब पुरत नाहीत.

परभणीला औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली तर दुकानदार म्हणाला, "बाई, हे तुमचं लिहिलंय का लेकराचं?" किंमत शंभर रुपयांच्या आत. गाडीभाड्याला त्याच्या कितीतरी पट लागले होते.

रोज दोन वेळा थेंब सुरू झाले. माझे आणि तिचे, एकाच वेळी. तिची बाटली सूनबाईने वरच्या फळीवर स्टीलच्या डब्यात ठेवली, माझी खाली देवघराशेजारी. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वीज गेली होती. सूनबाई स्वयंपाकात होती, लेकरू रडत होतं. मी म्हटलं, आज मीच लावते. अंदाजाने बाटली उचलली, झाकण काढलं, बाळाच्या डोक्यावर वाकले. माझी नजर कडेकडेने गेलेली आहे, काचबिंदूत तसंच जातं, त्यात अंधार. नातू शेजारी टॉर्च घेऊन उभा होता. म्हणाला, "आजी, ही तर तुझी बाटली. हिच्यावर मीच हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं." देवघराशेजारी ठेवायची म्हणून त्याने तिला टिळा लावला होता. थेंब पडायचा होता, पडला नव्हता. मी झाकण लावलं आणि तिथेच फरशीवर बसले. सूनबाई बाहेर आली, तिने बघितलं, आणि एक शब्द न बोलता दुसरी बाटली आणली. त्या दिवसापासून बाळाचे थेंब मी घातले नाहीत.

तीन-चार आठवड्यांत लाल रंगात मधेच करडा पट्टा दिसायला लागला. मग सगळंच राखाडी-गुलाबी, मग सपाट. नऊ महिने थेंब चालले. आज ती जवळ घेऊन बघितली तरच कळतं, पुसटशी पांढुरकी जागा आहे. शेवटच्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलं, "औषधाने गेलं ना?" त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "मदत झाली असं मला वाटतं. पण कितपत औषधाने आणि कितपत आपसूक, हे एका बाळावरून सांगता येत नाही. स्पेनमध्ये फार लवकर थेंब सुरू करून बघितले होते. 2021 मध्ये त्याचा निष्कर्ष आला, तर नुसत्या पाण्यासारख्या थेंबांच्या तुलनेत सहा महिन्यांनी पूर्ण बरं होण्यात मोठा फरक दिसला नाही." मला हे ऐकायला आवडलं नाही. पण त्या डॉक्टरांवरचा विश्वास वाढला.

आता ह्यातलं माझ्या जिवाला लागलेलं. निघताना आमच्या ओळखीतल्या एका घराबद्दल मी त्यांना विचारलं. तिथल्या बाळाच्या निम्म्या चेहऱ्यावर जन्मापासूनच सपाट, दारूच्या रंगासारखा डाग आहे, आणि आमचं बघून त्यांनीही हे थेंब आणायचं ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "तो डाग वेगळा. त्याला पोर्ट-वाइन स्टेन म्हणतात. तो वाढलेल्या पेशींचा नसतो, रक्तवाहिन्याच जन्मतः रुंदावलेल्या असतात. तो आपोआप जात नाही, ह्या थेंबांनी तर नाहीच. त्याला लेझर लागतं, लवकर सुरू केलेलं बरं, बऱ्याच खेपा लागतात. आणि डाग कपाळावर, पापणीवर असेल तर आधी डोळे तपासायला सांगा. त्या बाजूच्या डोळ्यात काचबिंदू होऊ शकतो. अगदी लहानपणीसुद्धा."

मी खुर्चीत तशीच बसून राहिले.

1984-85 ची गोष्ट असेल. पाथरीकडच्या त्याच शाळेत तिसरीला एक मुलगी होती. कपाळापासून गालापर्यंत उजवी बाजू जांभळी. पोरं तिला 'जांभूळ' म्हणायची. मी त्यांना छड्या मारल्या होत्या, हे मला चांगलं आठवतं. आपण केलेलं चांगलं आठवतंच. पण पुढे बसली की सगळा वर्ग तिच्याकडे बघतो, म्हणून तिला मी बसकर पट्टीच्या शेवटी, दाराजवळ बसवलं, हेही खरं आहे. तिच्याच भल्यासाठी असं मला वाटत होतं. साहेबांच्या तपासणीच्या दिवशी स्वागतगीतात तिला मागच्या रांगेत उभं केलं, ते मात्र कोणाच्या भल्यासाठी होतं हे सांगता येत नाही. तिथून ती फळ्यावरचं न बघता शेजारणीच्या पाटीवरून उतरवून घ्यायची. मी ओरडायची, "फळ्यावर बघून लिही!" ती म्हणायची, "दिसत न्हाई बाई." उजव्या डोळ्याला सारखं पाणी यायचं आणि तो दुसऱ्यापेक्षा जरा मोठा वाटायचा. मला वाटायचं, डागामुळे तसा दिसतो.

मी डॉक्टर नाही आणि चाळीस वर्षांनी त्या मुलीचं निदान करायचा मला अधिकार नाही. तेव्हा लेझर हे नावही आम्ही ऐकलेलं नव्हतं. पण काचबिंदूला थेंब तेव्हाही होते. तिला पुढे बसवायला तर काहीच लागत नव्हतं. चौथीनंतर ती शाळेत आली नाही.

जुन्या सहकाऱ्यांत विचारपूस केली. दोन महिन्यांनी कळलं, ती मानवतला दिली होती, शिवणकाम करते, तिला मोठी झालेली मुलं आहेत. डोळ्याचं विचारलं तर फोनवरच्या बाई म्हणाल्या, "एकानंच बघते की ती, पण हात असा चालतो मशीनवर!" त्यांनी नंबर दिला. तो मी थेंबांच्या वेळा लिहायच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलाय. दिवसातून दोनदा ती वही उघडते. फोन अजून लावलेला नाही.